खण, इरकल आणि घोंगडी: वाड्यातल्या एका दिवसाच्या फॅशन पोर्ट्रेटची आखणी कशी करावी?

पदरकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी साताऱ्यात फॅशन डिझायनिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. अंतिम प्रकल्पासाठी मी तीन पोशाख शिवले आहेत: गुळेदगुड्डच्या लाल खणाचे आखूड जॅकेट, आजीच्या जुन्या इरकली लुगड्याचा पायघोळ झगा आणि माण तालुक्यातून आणलेल्या काळ्या घोंगडीचा ओव्हरकोट. जानेवारीअखेर या तिन्हींची मिळून बारा छायाचित्रे सादर करायची आहेत आणि प्रत्येक पोशाखाचे एक तरी छायाचित्र पूर्णाकृती असले पाहिजे, अशी अट आहे.

माझ्याजवळ मैत्रिणीचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिलिमीटर एफ १.८ ची एकच लेन्स, एक फ्लॅश, तो दुरून उडवायचा ट्रिगर आणि एक पांढरी छत्री एवढेच साहित्य आहे. वर्गातल्याच दोघी जणी मॉडेल म्हणून उभ्या राहणार आहेत आणि दोघींनाही याची सवय नाही. जागेसाठी दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. एक म्हणजे शनिवार पेठेतला मावशीचा वाडा, ज्याला मध्ये चौक आणि तीन बाजूंनी सोपा (पडवी) आहे. दुसरा म्हणजे संगम माहुलीचा घाट.

गेल्या रविवारी मी गच्चीवर दुपारी साडेबाराला एक प्रयत्न केला, तेव्हा मैत्रिणीच्या डोळ्यांखाली काळ्या खाचा पडल्या आणि खणावरची नक्षी जवळजवळ दिसेनाशी झाली. मग घरात कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावून काढून पाहिले, तर काठ पांढराफटक पडला आणि मागच्या भिंतीवर डोक्याची सावली उमटली. एवढ्याच साहित्यात चेहरा आणि कापड दोन्ही नीट यावे यासाठी उजेड कसा बांधावा आणि काढलेल्या शेकडो छायाचित्रांतून बारा कशी निवडावीत, हे कृपया सांगावे.

उजेडवाला

मी बरीच वर्षे लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, त्यामुळे फॅशनचा जाणकार असल्याचा दावा करणार नाही. पण काठपदराच्या कापडावरचा उजेड हा माझ्या रोजच्या डोकेदुखीचा विषय आहे, म्हणून लिहितो.

तुमची अडचण साहित्याची नाही. खणावरची बारीक नक्षी विणीतूनच किंचित उठून आलेली असते आणि उजेड कडेने घासत आला तरच त्या उठावाची सावली पडून नक्षी डोळ्यांत भरते. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने उजेड समोरून येतो, म्हणजे ती सावलीच पुसली जाते. चेहऱ्याचे मागणे नेमके उलट असते. त्याला मोठ्या पृष्ठभागावरून, थोडा समोरून येणारा मऊ उजेड मानवतो. या दोन मागण्यांची तडजोड कुठे करायची, हे प्रत्येक पोशाखासाठी आधी ठरवा आणि मगच मॉडेलने कसे उभे राहायचे याचा विचार करा. मुले बहुधा उलटे करतात. मोबाइलवर चाळीस पोझ जमवून येतात आणि उजेड मिळेल तिथे उभी राहतात.

तुमच्या मावशीच्या वाड्याला चौक आहे, हे तुमचे मोठे भाग्य आहे. सोप्याच्या कडेपासून दोन फूट आत मॉडेलला उभे करा. चौकातून येणारे आकाश हीच तुमची खिडकी समजा आणि तिचा चेहरा थेट चौकाकडे न ठेवता पाऊणएक वळवून घ्या. उजेड एका गालावर आणि छातीवर कडेने येईल, दुसरा गाल सावलीत जाईल आणि मागचा सोपा आपोआप अंधारात बुडेल. सावलीच्या बाजूला मांडववाल्याकडे मिळणारा थर्माकोलचा पांढरा पत्रा तीन फुटांवर धरला की चेहरा उघडतो. खणाचे जॅकेट जवळून घेताना मात्र तोच पत्रा बाजूला काढा आणि फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आता लेन्सविषयी. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटरने, कॅमेरा उभा धरून, पूर्णाकृती छायाचित्र घ्यायचे तर सुमारे १५ फूट मागे जावे लागते. चौक आडवा १५ फूट भरतो की नाही, हे टेप घेऊन आजच मोजा, कारण आयत्या दिवशी तुळशीवृंदावनाला पाठ लावून उभे राहिल्यावर ते कळण्यात अर्थ नाही. पूर्णाकृतीसाठी कॅमेरा मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर ठेवा, नाहीतर पाय आखूड दिसतात आणि झगा शिवतानाच बुटका झाला असे परीक्षकांना वाटते. जवळच्या छायाचित्रांत एफ १.८ वापरण्याचा मोह टाळा: पाच फुटांवरून तेवढ्या ॲपर्चरला (लेन्सचे तोंड तेवढे उघडे असताना) जेमतेम सहा सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते, म्हणजे डोळा लख्ख आणि खांद्याची शिवण धूसर. तोंड लहान करून एफ ५.६ ला हीच खोली २० सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि तुमचे गुण शेवटी शिवणीवरच आहेत.

फ्लॅश लावायचाच झाला, तर तो छत्रीतून आणि चौकाच्याच बाजूने लावा, म्हणजे सावल्या एकाच दिशेला पडतील. छत्री चेहऱ्यापासून तीन फुटांवर ठेवली, तर ती पावलांपासून जवळजवळ सहा फुटांवर पडते. अंतर दुप्पट झाले की उजेड पाव होतो, त्यामुळे चेहरा उजळ आणि झग्याचा घेर काळवंडलेला असे चित्र येते. पूर्णाकृतीसाठी छत्री नऊ फुटांवर न्या. उजेड थोडा कडक होईल, पण पावलांपर्यंत तीन चतुर्थांश तरी पोहोचेल. घरातले सगळे बल्ब आणि ट्यूब आठवणीने बंद करा, कारण चौकातला निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच गालावर भेटले, तर संगणकावरही ते वेगळे काढता येत नाहीत.

शिवणटिपण

उजेडाबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी कापडापुरतेच लिहिते. मी शिवणकाम शिकवते आणि विद्यार्थिनींच्या चित्रीकरणाच्या दिवशी सुईदोरा घेऊन कोपऱ्यात बसणारी बाई बहुतेक वेळा मीच असते.

पोशाखांचा क्रम ठरवताना घोंगडी अगदी शेवटी ठेवावी. तिचे केस झडतात आणि इरकलीच्या रेशमी पदरावर बसले की चिमट्याने एकेक वेचत बसावे लागते. शिवाय ती मानेला टोचते. पाच मिनिटांत मॉडेलच्या गळ्यावर लाल चट्टे उठतात आणि मग इतर दोन पोशाखांत ते झाकत बसावे लागते. आतून गळाबंद सुती बंडी घालायला द्या.

जुन्या लुगड्याचे कापड विरलेले असण्याची शक्यता असते, म्हणून झग्याला पाठीमागून पिना लावताना त्या कापडाला न लावता शिवणीच्या दाबाला लावाव्यात. इरकलीत बारीक चौकडी असेल, तर कॅमेऱ्यात कधीकधी तिच्यावर इंद्रधनुषी लाटा उठलेल्या दिसतात. तसे झाले, तर एक पाऊल पुढेमागे व्हावे किंवा कोन किंचित बदलावा, बहुधा तेवढ्याने त्या जातात. इस्त्री वाड्यावर नेऊनच करावी. सातारारोडच्या रिक्षात घडी घालून नेलेला झगा मी एकदा उलगडून पाहिला आहे, त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

दोघी मैत्रिणींकडून छायाचित्रे कुठे वापरली जातील याची लेखी संमती आधीच घ्यावी आणि कपडे बदलायला आतली कडी असलेली खोली द्यावी. सवय नसलेल्या मुलीच्या खांद्यांतला ताठरपणा निम्मा या खोलीमुळे जातो, असा माझा अनुभव आहे.

माहुलीकर

घाटाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात, देवळे सुंदर आहेत, पायऱ्या सुंदर आहेत, हे सगळे खरे आहे. परंतु त्याच घाटावर लोक आपल्या माणसांचे दिवस करायला येतात, आणि सकाळच्या ज्या कोवळ्या उन्हात तुम्हाला छायाचित्रे हवी आहेत, नेमक्या त्याच वेळी शेजारी कुणीतरी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत बसलेले असते. तिथे थर्माकोलचा पत्रा धरून उभे राहणे मला तरी जमणार नाही.

तांत्रिक अंगानेही तिथला काळा दगड फसवा आहे. फ्रेममध्ये काळा पाषाण जास्त आला, की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळे उजळ करू पाहतो आणि चेहरा पांढरा पडतो. त्यावर काळी घोंगडी म्हणजे काळ्यावर काळे. कोटाची कडच सापडणार नाही. संध्याकाळचा पर्याय शहरात शोधत असाल, तर पंचांगातल्या सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका. जानेवारीत सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास असला, तरी पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर असल्यामुळे ऊन त्याआधीच निघून जाते. एक दिवस आधी त्याच वेळी जाऊन बसा आणि ऊन कधी उतरते ते घड्याळात पाहून ठेवा.

जमल्यास त्याआधी एकदा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत. काठापदराच्या नेसण्यावर उजेड कोणत्या बाजूने टाकला आहे आणि रेशमाच्या घडीवर पांढरा ठिपका किती लहान ठेवला आहे, एवढेच पाहायचे ठरवून गेलात तरी दिवस सार्थकी लागेल.

पदरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घाट सोडून दिला. चौक मोजला, तो कोपऱ्यातून कोपऱ्यात साडेसोळा फूट भरला. काल सकाळी नऊ ते बारा आम्ही वाड्यात चाचणी घेतली आणि २४० छायाचित्रे काढली.

खणाची नक्षी या वेळी दिसते, आणि थर्माकोल काढल्यावर ती किती उठते हे पाहून आम्ही तिघी ओरडलोच. परंतु तीन गोष्टी बिघडल्या आहेत. अकरानंतरच्या छायाचित्रांत मैत्रिणीची हनुवटी आणि गळा हिरवट दिसतो. काही छायाचित्रांत लाल जॅकेट एकजीव डाग झाल्यासारखे दिसते, जरी कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजवीकडे, म्हणजे अति उजेडाच्या टोकाला, टेकलेला नव्हता. घोंगडीचा कोट म्हणजे निव्वळ काळे भोक आहे. शिवाय २४० मधून मी ६० निवडल्या आणि तिथेच अडकले आहे.

उजेडवाला

हिरवा रंग भिंतीचा आहे. समोरच्या सोप्याच्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट असणार आणि अकरानंतर ऊन त्या भिंतीवर उतरत असणार. तो उजेड मग रंग घेऊनच परत येतो. ऊन तिथे पोहोचण्याआधी काम उरका, नाहीतर त्या भिंतीवर पांढरी चादर टांगा. चादर टांगली तर तीच भिंत तुमचा सर्वांत मोठा आणि फुकटचा रिफ्लेक्टर होईल.

लालच्या बाबतीत तुम्ही बहुधा एकाच रेषेचा एकत्रित हिस्टोग्राम पाहत आहात. लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम सुरू करा. त्यात लाल रेषा उजव्या भिंतीला थडकलेली दिसेल, कारण गडद लाल कापडात तो एकच रंग आधी भरून वाहतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा.

घोंगडीला उलट जास्त उजेड द्यावा लागेल, तोही बराच कडेने. कोट घातलेल्या मॉडेलला चौकाच्या अगदी कडेला आणा, चेहरा आतल्या बाजूला किंचित वळवा आणि पाठीमागे लाकडी खांब किंवा फिकट भिंत येऊ द्या, म्हणजे कोटाची कड कापून निघेल. लोकरीचा एकेक केस उजेडात उभा राहिला, की झाले.

निवडीसाठी मी करतो ते सांगतो. एक रात्र जाऊ द्या, कारण काढलेल्या दिवशी आपल्याला छायाचित्र दिसत नाही, त्यासाठी उपसलेले कष्ट दिसतात. मग साठही छायाचित्रे तात्पुरती कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही खणाची नक्षी दिसत असेल तर उजेडाने काम केले आहे. दिसत नसेल तर ते छायाचित्र केवळ लाल रंगावर तरले होते, ते काढून टाका. दुसऱ्या फेरीत चेहऱ्याकडे न पाहता फक्त हात, शिवणी आणि घेराची कड पाहा. तिसऱ्या फेरीत फक्त डोळे. उरलेली लहान आकारात एका पानावर मांडून, हे पोशाख कधीच न पाहिलेल्या माणसाला दाखवा आणि तो बोट कुठे ठेवतो ते गुपचूप लिहून घ्या. सादरीकरण कागदावर असेल, तर एकदोन छायाचित्रे आधी लॅबमधून छापून आणा. पडद्यावर उजळ वाटणारी घोंगडी कागदावर हमखास एक पायरी खाली उतरते.

शिवणटिपण

तुम्ही जोडलेल्या नमुन्यांतील चौथ्या छायाचित्रात जॅकेटच्या डाव्या बाहीच्या कडेला कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा लोंबतो आहे. उजेड उत्तम असल्यामुळेच तो इतका स्पष्ट आला आहे.

पदरकाठ

दोरा आत्ताच उसवला. येत्या रविवारी सकाळी साडेआठला पुन्हा वाड्यावर जमतो आहोत. मावशीने दोन पांढऱ्या चादरी धुऊन ठेवल्या आहेत आणि या वेळी घोंगडी शेवटी आहे.