नारकोंडम बेटावर धनेश पाहण्यासाठी जाता येते का?

देवराईवाला: नमस्कार. आमच्या संगमेश्वर तालुक्यात एका देवराईतल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेशाची जोडी घरटे करते आणि गेली काही वर्षे आम्ही पती-पत्नी तिचे दुरून निरीक्षण करीत आहोत. येत्या जानेवारीत अंदमानला जाण्याचा विचार आहे. जगात केवळ नारकोंडम बेटावर आढळणारा नारकोंडम धनेश पाहावा आणि जमल्यास बॅरन बेटावरचा ज्वालामुखीही पाहावा, अशी फार इच्छा आहे. परवानगी कोणाकडे मागावी, बोट कोठून मिळते, आणि आमच्या जाण्याने त्या पक्ष्याला त्रास तर होणार नाही ना, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लाटांवरून: ही दोन्ही बेटे ज्वालामुखीतून निर्माण झालेली आणि दोन्ही अभयारण्ये असली, तरी त्यांची स्थिती वेगळी आहे. बॅरन बेट श्री विजय पुरमपासून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपासून, सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहिलेला तिथला ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि त्यानंतरही अनेकदा धुमसला आहे. तेथे पर्यटकांना उतरू देत नाहीत. बोटीतूनच पाहावे लागते. नारकोंडम त्याहून दूर, सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. तो ज्वालामुखी आज शांत असून ७१० मीटर उंचीचा डोंगर थेट समुद्रातून वर आलेला दिसतो. तेथे धक्का नाही, प्रवासी बोटसेवा नाही, वस्ती म्हणावी तर पोलिसांची एक चौकी. अभयारण्यात प्रवेश देण्याचा अधिकार वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे असतो, आणि या बेटावर आजवर गेलेले बहुतेक लोक संशोधक किंवा कामावर नेमलेले कर्मचारी आहेत. एखाद्याने पैसे घेऊन नेण्याचे आश्वासन दिले, तर लेखी परवानगी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उंबराखाली: आपण तिसरा प्रश्न विचारलात याचा मनापासून आनंद झाला, कारण माझ्या मते तोच पहिला आहे. संपूर्ण बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम ६.८ चौरस किलोमीटर आहे आणि अलीकडच्या अभ्यासानुसार तेवढ्यात सुमारे एक हजार धनेश राहतात. इतकी दाटी शक्य होते ती उंबर-वडाच्या जातीच्या झाडांमुळे आणि ढोल्या असलेल्या जुन्या उंच वृक्षांमुळे. धनेश फळे खातात, बिया पसरवतात आणि त्यातूनच हे जंगल टिकते. आपल्या महाधनेशाप्रमाणेच येथेही मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला व पिल्लाला भरवतो. फेब्रुवारीपासून हा काळ सुरू होतो, तेव्हा नराच्या येण्याजाण्यात अडथळा आला तर त्याचा भार थेट ढोलीतल्या जिवांवर पडतो.

येथे चूक दुरुस्त करायला दुसरे बेट नाही. १९७६ मध्ये चौकीसाठी शेळ्या आणल्या गेल्या, त्यांची संख्या वाढली आणि रोपे चरली जाऊ लागल्याने पुढे त्या हलवाव्या लागल्या. मोठा वृक्ष पडला तर त्याच्या जागी येणारे रोपच उरत नव्हते, हे त्यातले खरे संकट. या बेटावरच्या तटरक्षक दलाच्या रडार प्रकल्पाला पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नकार दिला होता, तो २०१४ मध्ये मंजूर झाला; त्यावरून झालेली चर्चा आपण आठवत असाल. देशाच्या संरक्षणाची गरज मी नाकारत नाही, पण केवळ पाहण्यासाठी तेथे पाऊल ठेवणे मला पटत नाही.

टकाचोर: अंदमानची फेरी मात्र रद्द करू नये. चिडिया टापू आणि माउंट मणिपूर, म्हणजे पूर्वीचा माउंट हॅरियट, येथे अंदमानी काळा सुतार, अंदमानी टकाचोर आणि अंदमानी सर्पगरुड पाहता येतात, आणि तेही या द्वीपसमूहाबाहेर आढळत नाहीत. पहाटे उजाडण्यापूर्वी पोहोचावे आणि स्थानिक पक्षी-मार्गदर्शक बरोबर घ्यावा.

देवराईवाला: सर्वांचे आभार. नारकोंडमचा विचार सोडून दिला आहे. बॅरनची अधिकृत सफर जानेवारीत असल्यास बोटीतून ज्वालामुखी पाहू, उरलेले दिवस चिडिया टापूला देऊ, आणि फेब्रुवारीत आमच्या बेहड्यावरची मादी ढोलीत शिरण्यापूर्वी घरी परत येऊ.