चर्चा : व्यसनग्रस्त स्त्री-कैद्यांचे औषध तुरुंगात चालू ठेवावे का?

मैत्रेयी : अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याचा त्यांचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता, आणि त्याच राज्यातील २०१३ च्या अभ्यासात हा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक असल्याचे दिसले. बंदिवासात शरीराची सहनशक्ती काही आठवड्यांत उतरते, ओढ मात्र टिकून राहते. बाहेर पडलेली स्त्री पूर्वीचीच मात्रा घेते आणि तिचा श्वास थांबतो. म्हणून अफूजन्य नशेची ओढ शमवणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही उपचाराची औषधे तुरुंगात बंद करू नयेत, आणि सुटकेच्या दिवशी पुढच्या दवाखान्याची व्यवस्था झालेली असावी, असे माझे ठाम मत आहे.

राजाभाऊ : मैत्रेयीताई, धोका मला मान्य आहे, उपाय मान्य नाही. ही दोन्ही औषधेही अफूच्याच वर्गातली आहेत. जिभेखाली ठेवायची गोळी तोंडात लपवून विकली जाते आणि दुबळ्या कैदी स्त्रीकडून ती धमकावून काढून घेतली जाते, हे तुरुंग-अधिकाऱ्यांचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. अफूजन्य पदार्थांचा परिणामच अडवणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाचे महिन्यातून एकदा दिले जाणारे इंजेक्शन नशा आणत नाही आणि विकताही येत नाही. मग तेच का नको?

मैत्रेयी : राजाभाऊ, जिला ते हवे असेल तिला जरूर द्यावे. पण ते सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस शरीर अफूजन्य पदार्थांपासून पूर्ण मुक्त असावे लागते, आणि पुढचे इंजेक्शन चुकले की सहनशक्ती गमावलेली तीच स्त्री पुन्हा अतिमात्रेच्या धोक्यात सापडते. गोळीची चोरी रोखण्यासाठी देखरेख वाढवता येते, शिवाय ब्युप्रेनॉर्फिनही आता इंजेक्शनच्या रूपात मिळते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ पासून तिन्ही औषधे तुरुंगात उपलब्ध केली. २०१६ आणि २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांची तुलना केली, तर अतिमात्रेने मरण पावलेल्यांत नुकत्याच सुटलेल्यांची संख्या २६ वरून ९ वर आली.

शंतनू : इतक्या लहान आकड्यांवरून, तेही केवळ आधी-नंतरच्या तुलनेतून, एवढा मोठा निष्कर्ष काढू नये. शिवाय औषध देऊन राज्ययंत्रणा मोकळी होते, हा मला अधिक मोठा धोका वाटतो. सुटलेल्या स्त्रीला घर नसते, मुलांचा ताबा गेलेला असतो, आणि अनेकदा ज्या जोडीदाराने तिला मारहाण केली व नशेला लावले त्याच्याच दारात तिला परतावे लागते.

मैत्रेयी : इंग्लंडमधील २०१७ च्या मोठ्या अभ्यासातही सुटकेच्या वेळी उपचार चालू असलेल्यांचे पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे ७५ टक्क्यांनी कमी आढळले, शंतनू, तोही निरीक्षणात्मक अभ्यास होता, पण पुरावा एकाच दिशेने साचत आहे. घर आणि मुले यांविषयी तुमचे म्हणणे पूर्ण खरे आहे, तरी ती व्यवस्था उभी राहीपर्यंत ती स्त्री जिवंत असायला हवी. मला सर्वांत अस्वस्थ करते ती गरोदर कैद्यांची स्थिती. औषध अचानक तोडल्यास गर्भाला धोका होऊ शकतो, म्हणून अमेरिकेतील काही तुरुंग गरोदरपणात औषध देतात आणि प्रसूतीनंतर बंद करतात. बाळंतपणानंतरचे महिने अतिमात्रेच्या दृष्टीने फार जोखमीचे असतात, आणि नेमका तेव्हाच तिचा आधार काढून घेतला जातो. गर्भासाठी जे औषध उपचार ठरते, ते आईसाठी नशा कसे ठरते?

राजाभाऊ : या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, बाळंतिणीचे औषध तोडणे अन्यायाचे आहे. श्वास परत आणणारे नॅलोक्सोन प्रत्येकीच्या हाती सुटकेच्या वेळी द्यावे, यालाही माझी संमती आहे. परंतु जी आधीपासून उपचारावर नाही, तिला तुरुंगानेच हे औषध नव्याने सुरू करावे, हे मला अजून पटलेले नाही.

मैत्रेयी : निदान आधीपासून घेणारीचे तरी तोडू नये, एवढ्यावर आपण एकत्र आलो. अमेरिकेच्या मेन राज्यातील ४० दिवसांची शिक्षा झालेल्या एका स्त्रीला ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवण्यासाठी संघीय न्यायालयात जावे लागले, आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयानेही तिच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. जिला वकील मिळत नाही, तिच्यासाठी हा नियम आधीच लिहिलेला असायला हवा.