मदत हवी आहे: गोमेशिवाय काहीच न खाणाऱ्या मुंग्या, आणि अळ्यांच्या पाठीवर डाग

दगडाखालचा:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

गणपतीला दोडामार्गजवळ गावी गेलो होतो. मांगरामागे फणसाचा एक कुजका ओंडका पडला होता, तो उलटवला तर खालच्या ओल्या मातीत तांबूस मुंग्या. लांबी जेमतेम पाच मिलिमीटर. एरवी ओंडका हलवला की मुंग्यांची धावपळ उडते. या सावकाश भेगांत शिरत होत्या. डोळे भिंगातूनही धड दिसेनात. जबडे लांब, आतून दातेरी. आणि कंबर मुंगीची वाटतच नाही: कमरेचा मणी मागच्या बाजूने पोटाला रुंद चिकटलेला. राणी, 22 कामकरी आणि 11 अळ्या डबीत भरून पुण्याला आणल्या. काकी म्हणाली, "घरात काय मुंगये कमी आसत?"

एका मित्राने मायक्रोस्कोपखाली बघून स्टिग्माटोमा वंश सांगितला. जात माहीत नाही.

मी चार वर्षं डोंगळे पाळतोय. साखरपाणी आणि झुरळाची तंगडी एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. तोच हिशोब इथे लावला आणि फसलो. मध, अंड्याचा बलक, वाळवी, फळमाश्या, सगळं जसंच्या तसं पडून. नवव्या दिवशी तुळशीची कुंडी उकरताना एक बारीक पिवळट गोम मिळाली, ती वैतागून आत टाकली. एका कामकरीने तिला डोक्यामागे धरलं, पोट वाकवून डंख मारायला लागली. गोमेने तिच्याभोवती रिळावर दोरा गुंडाळावा तसे वेढे घातले, तरी हिने पकड सोडली नाही. आणखी तीनचार जणी धावून आल्या. वीसेक मिनिटांत गोम निपचित. पुढचं बघून मी जेवण विसरलो: शिकार तोडून अळ्यांकडे नेण्याऐवजी त्यांनी अळ्याच एकेक करून उचलून आणल्या आणि गोमेवर ठेवल्या. सकाळी फक्त टरफल उरलं होतं.

आता अडचण. अळ्यांच्या पाठीवर काळसर डाग दिसतायत. परवा राणी एका अळीला जबड्यात चिमटून तिथे तोंड लावून बसलेली दिसली. पोरं खातेय का ती? शिवाय दोन गलेलठ्ठ अळ्या दोन दिवस नुसती मान हलवत राहिल्या, मग काळ्या पडल्या. कामकरींनी त्या बाहेर फेकल्या. घर प्लास्टर ऑफ पॅरिसचं आहे, वर काच, आत एकदम स्वच्छ. आज 17 कामकरी आणि 7 अळ्या शिल्लक. बाहेर ऑक्टोबर हीट, कुंड्यांत गोम औषधालाही नाही. काय चुकतंय?

चकली_नको: आमच्याकडे मुंग्या जाव्यात म्हणून खडू ओढतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी गोमा शोधताय. धन्य आहे. (वाचतोय मात्र.)

तांबडमाती:

दादा, राणीवरचा संशय आधी काढून टाका. ती अळ्या खात नाही, त्यांचं रक्त पिते. या उपकुळाला ड्रॅक्युला मुंग्या म्हणतात ते त्यावरूनच. जपानमध्ये मुंग्यांचे अभ्यासक मासुको यांनी 1986 साली याच वंशातल्या एका जातीवर हे दाखवून दिलं. राणी अळीच्या पाठीची कातडी चिमटून भोक पाडते, येणारा रस चाटते, अळी जिवंत राहते आणि पुढे वाढतेही. डाग म्हणजे भरलेली जखम. शिकार समोर असली तरी राणीचं जेवण हेच. या मुंग्या आपल्या डोंगळ्यांसारखं पोटातलं एकमेकींना भरवत नाहीत, म्हणजे राणीपर्यंत अन्न पोचायची वाट अळ्यांतूनच जाते. म्हणून अळ्या उपाशी तर राणीही उपाशी. तुमच्याकडे सातच उरल्यात, ही खरी काळजीची गोष्ट.

त्या दोन गलेलठ्ठ अळ्यांबद्दल मात्र तुमचं स्वच्छ घर दोषी आहे असं मला वाटतं. कोष विणायच्या वेळी अळीला धागा अडकवायला आधार लागतो. कामकरी तिच्या अंगावर मातीचे कण रचतात, कोष पुरा झाला की झाडून काढतात. गुळगुळीत प्लास्टरवर कण कुठून येणार? मान हलवत होती ती धागा टेकवायला जागा शोधत होती. चिमूटभर बारीक माती आणि कुजक्या लाकडाचा भुसा आजच टाका. तव्यावर भाजून, गार करून, ओलसर करून. न भाजता टाकलात तर माइट्स (बारीक कोळीकिडे) येतील.

मी तीन वर्षांपूर्वी कोकणातूनच अशी एक वसाहत आणली होती. पाच महिन्यांत संपली. मी दर दोन दिवसांनी काच उचलून बघायचो, त्यामुळे ओल उडायची. तुम्ही काचेवर लाल जिलेटीन लावा, म्हणजे उचलायची गरज पडणार नाही. प्लास्टरला एका बाजूने पाणी पाजा, दुसरी बाजू कमी ओली ठेवा, हव्या तिथे त्या सरकतील. खाऊन उरलेली गोम दुसऱ्या दिवशी काढाच.

कारवारी:

जातीचं नाव ठोकायची घाई नको. दक्षिणेकडे जवळच कारवारला टी. आर. बेल वनखात्यात होते. स्विस मुंगीतज्ज्ञ फोरेलने 1900 साली वर्णन केलेली स्टिग्माटोमा बेली त्यांच्या नावाची. म्हणून तुमचीही तीच, असं होत नाही. या मुंग्या जमिनीखालून सहसा बाहेर येत नाहीत, त्यामुळे नमुने फार थोडे. मेलेल्या पाच कामकरी फेकल्या नसतील तर अल्कोहोलमध्ये ठेवा, सोबत पेन्सिलने चिठ्ठी: गाव, तारीख, फणसाचा ओंडका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे विचारा. परदेशातल्या कुणी मागितल्या तर परस्पर पाठवू नका, 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली त्याला राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते.

दगडाखालचा:

@तांबडमाती, काल रात्री भाजलेली माती टाकली. आज सकाळी एक जाडी अळी मातीत अर्धी पुरलेली, फक्त तोंड बाहेर, आणि तोंडापासून मातीच्या कणापर्यंत एक तार चमकतेय. काच उचललेली नाही, टॉर्चवर लाल कागद लावून बघितलं.

@कारवारी, तीन मेलेल्या सापडल्या, दोन कचऱ्यात गेल्या. लेबल लावून ठेवतो.

आता गोमेचं सांगा. सोसायटीच्या माळीकाकांना विचारलं, ते म्हणाले पाऊस गेला की खाली जातात.

तांबडमाती: बरोबर सांगितलं त्यांनी. गांडूळखताचा ढीग, नळाखालची कायम ओली जागा, केळीच्या बुंध्याशी एक वीत खोल. सापडल्या तर दोनचार ओल्या मातीच्या डबीत वेगवेगळ्या ठेवा. आत टाकताना डोकं चिमट्याने दाबा, 17 जणींना आता मोठी झुंज परवडणार नाही. आणि जाड, काळपट गोम नको, ती यांनाच खाईल.

चकली_नको: आमच्या नळाखाली सकाळी बघितलं. दोन आहेत, पिवळट, बारीक. कोथरूडला येऊन घेऊन जा, बायकोने मुदत दिलीय उद्यापर्यंत.