मदत हवी आहे: न्यू इंग्लंडमधली झपाटलेली घरं आणि दंतकथांच्या कबरी

मंडळी,

ऑक्टोबर सरता सरता न्यू जर्सीहून आय-९५ धरून सेलमपर्यंत गाडीने जायचं घाटतंय. सोबत नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंचा भुतांवर काडीचा विश्वास नाही, पण गोष्ट सुरू झाली की खुर्ची पुढे ओढून बसणार त्याच.

अट एकच. तिकीट काढून आत गेल्यावर मुखवटे घालून अंगावर येणारी माणसं नकोत. जिथे काहीतरी खरोखर घडलं, त्याची नोंद आहे आणि भूत मागाहून येऊन बसलं, अशा जागा हव्यात. आतापर्यंत जमलेलं असं:

पहिला थांबा न्यू हेवनचं एव्हरग्रीन कब्रस्तान. इथे मेरी हार्ट नावाच्या बाईंची कबर आहे. १५ ऑक्टोबर १८७२ ला मध्यरात्री त्या गेल्या. भर दुपारी, हातचं काम थांबवून पुन्हा सुरू करायच्या बेतात असताना कोसळल्या आणि शुद्धीवर आल्याच नाहीत, हे सगळं दगडावरच कोरलंय. वरच्या बाजूला मध्यरात्री लोक हादरतील आणि नाहीसे होतील अशा अर्थाची ओळ. ती बायबलमधली आहे, पण असा दगड गावात असल्यावर दंतकथा जन्माला न येती तरच नवल! रात्री बाराला कबरीपाशी थांबलेला वाचत नाही म्हणे.

मग ऱ्होड आयलंडमधलं एक्झेटर. माझ्यासाठी सगळी सहल खरं तर याच कबरीसाठी. मर्सी ब्राऊन, वय १९, जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच गेलेल्या, भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. गावात कुजबुज सुरू झाली की यांच्यापैकी कुणीतरी कबरीतून त्याचं रक्त शोषतंय. मार्चमध्ये तिघींचे मृतदेह तपासले. आई-बहिणीचे सांगाडे उरले होते, मर्सी मात्र जवळपास जशीच्या तशी. दोन महिने गोठवणाऱ्या थंडीत शव ठेवल्यावर दुसरं काय होणार? तपासणाऱ्या डॉक्टरांना फुफ्फुसांत क्षयाच्या खुणा दिसल्या होत्या, पण ऐकतो कोण. तिचं काळीज जाळून ती राख एडविनला औषध म्हणून पाजली. मे महिन्यात तोही गेला. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तिथून गाडीने तासाभरावरच्या फॉल रिव्हर शहरात अँड्र्यू आणि ॲबी बोर्डन यांचा कुऱ्हाडीने खून झाला. मुलगी लिझी हिच्यावर खटला चालला, १८९३ मध्ये ती निर्दोष सुटली, आणि त्याच शहरात १९२७ मध्ये मरेपर्यंत राहिली. घरात आता संग्रहालय आहे आणि रात्री मुक्कामालाही राहता येतं.

शेवटी सेलम, १६९२ च्या चेटूक-खटल्यांचं गाव.

आता प्रश्न. लेकीला बोर्डन घरात न्यावं का? मुक्काम तिथेच करावा की नुसतं बघून निघावं? ऑक्टोबरच्या शेवटी सेलमला गर्दी कितपत असते? आणि परक्या लोकांच्या कबरींपाशी जाताना काय पाळायचं असतं?

प्रतिसाद १

ताई, ऑक्टोबरात सेलम म्हणजे जत्रा. पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर जा, गाव पुन्हा माणसात येतं. फक्त तेव्हा घड्याळं एक तास मागे गेलेली असतात आणि साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. कब्रस्तानं बहुतेक सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे कबरी आधी, घरं नंतर. मध्यरात्री मेरीबाईंना भेटायचा विचार असेल तर भुताआधी पोलीस येतील.

आणि १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून फाशी दिलेल्या १९ जणांच्या कबरी सेलममध्ये शोधू नका, सापडणार नाहीत. जुन्या कब्रस्तानाला लागून त्यांचं स्मारक आहे: भिंतीतून बाहेर आलेली दगडी बाकं, प्रत्येकावर एक नाव, तारीख आणि मरण कसं आलं ते. विसावं बाक छातीवर दगड रचून मारलेल्या म्हाताऱ्या जाइल्स कोरीचं. आरोप ऐकणाऱ्यांपैकी एक जॉन हॅथॉर्न मात्र पलीकडे रीतसर कबरीत झोपलाय. मला भुतांपेक्षा याचाच जास्त राग आला.

प्रतिसाद २

बोर्डन घर दिवसा दाखवायला हरकत नाही. घटनास्थळाचे खरे फोटो आत लावलेले असतात, तेवढं लेकीला आधी सांगून ठेवा. मुक्काम करू नका असं माझं मत. तिथे रात्री राहणाऱ्यांना भूतच हवं असतं, तुम्हाला गोष्ट हवी आहे. त्यापेक्षा शहरातल्या ओक ग्रोव्ह कब्रस्तानात जा. लिझी, तिचे वडील आणि सावत्र आई एकाच कुटुंबाच्या जागेत पुरलेत. खून कुणी केला याचा निकाल अजून लागलेला नाही आणि तिघं शेजारी शेजारी!

कनेटिकटमधलं डडलीटाउन, म्हणजे झपाटलेलं म्हणून गाजलेलं ओसाड गाव, कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. खासगी जमीन आहे, प्रवेश बंद आहे.

प्रतिसाद ३

कबरींबद्दल. दगडावर कागद ठेवून खडूने ठसा घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. अक्षरं दिसावीत म्हणून शेव्हिंग क्रीम फासणारे महाभाग असतात, त्याने दगड खराब होतो. छोटा आरसा न्या, बाजूने तिरपा उजेड पाडला की पुसट कोरीवकाम उठून दिसतं. मर्सीच्या दगडाला लोखंडी पट्टी ठोकलेली दिसेल, तो एकदा चोरीला गेला होता म्हणून. त्या चर्चच्या आवारात आजही लोकांचे आप्त पुरलेले आहेत, आवाज बेताचा ठेवा.

जुन्या दगडांवर लेकीला एक खेळ द्या: पंख फुटलेली कवटी असेल तर दगड बहुधा जुना, पंखवाला गोंडस चेहरा त्यानंतरचा, कलश आणि झुकलेलं झाड आणखी पुढचं. साल झाकून ओळखायला लावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सेलम नोव्हेंबरवर ढकललं, मुक्काम फॉल रिव्हरबाहेर साध्या हॉटेलात. आरशाचा खेळ सासूबाईंनीच उचललाय. आता एकच: सेलमशेजारच्या डॅनव्हर्सला त्या १९ जणांपैकी रिबेका नर्सचं घर आहे, फाशीनंतर तिला घरच्यांनी रात्री गुपचूप आणून तिथेच पुरलं असं म्हणतात. नोव्हेंबरात ते आतून बघता येतं की नुसतं आवार? अलीकडे कुणी गेलं असेल तर सांगा.