मदत हवी आहे : पिंजऱ्याशिवाय लेअर कोंबड्या, सोलापूर परिसर

नमस्कार मंडळी. मोहोळजवळ आमचे काका अंड्यांसाठी लेअर कोंबड्यांची शेड टाकतायत आणि हिशेब माझ्याकडे दिलाय. पुरवठादार पिंजरा पद्धतच सुचवतोय. जागा कमी लागते, मजुरी वाचते, अंडी स्वच्छ मिळतात, हे मान्य. पण त्या पिंजऱ्यात कोंबडीला धड पंखसुद्धा पसरता येत नाहीत. मातीत लोळणं, उकरणं, अंडं घालायला आडोसा शोधणं हा तिचा स्वभाव. यातलं काहीच तिथं नाही. शिवाय चोची कापतात. जनावराला धड हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्हाच आहे. आम्ही घरी अंडी खातो, पुढेही खाऊ. म्हणूनच ती कशी येतात याची जबाबदारी मला आपली वाटते.

गादी पद्धतीनं (म्हणजे शेडमध्ये जमिनीवर तुसाचा थर टाकून) किंवा मुक्तसंचार कोंबड्या कुणी पाळतंय का, बार्शी-पंढरपूरकडं? एप्रिल-मेच्या चाळीसच्या वरच्या उन्हात मर किती होते? तूस ओला होऊन रोग येतो का? आणि मुख्य म्हणजे, सोलापुरात अशा अंड्याला दोन रुपये जास्त देणारं गिऱ्हाईक मिळतं का? काका भावनेपेक्षा आकडे ऐकतात. चालू शेड दाखवणारं कुणी असेल तर त्यांना घेऊन येतो.