संस्कृती-विश्लेषणाच्या निबंधासाठी ‘फँड्री’ घ्यावा की ‘कालनिर्णय’?

धागालेखिका:
एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात मला कोणत्याही एका माध्यमकृतीचे सांस्कृतिक विश्लेषण करायचे आहे. नागराज मंजुळे यांचा जातिभेदावरचा चित्रपट ‘फँड्री’ (२०१३) घ्यावा असे जवळजवळ ठरले होते. परंतु आजीच्या ट्रंकेत जुन्या ‘कालनिर्णय’ची चळत सापडली आणि मन दुसरीकडे ओढ घेऊ लागले. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेली ही दिनदर्शिका अशा निबंधाला पुरेल का?

पहिला प्रतिसाद:
चित्रपटच घ्यावा. त्यातल्या जब्या या शाळकरी नायकाच्या घरचे लोक बांधलेले डुक्कर वाहून नेत आहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत, हे दृश्य आठवा. डुकरामागे धावणारे हे कुटुंब राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी थबकते, तो प्रसंगही तितकाच बोलका आहे. दिनदर्शिकेला कथानक नाही आणि संघर्षही नाही; तुम्ही तिच्यावर जो अर्थ लादाल, तो ती निमूटपणे वाहील.

दुसरा प्रतिसाद:
मला हे पटत नाही. भिंतीच्या त्या दृश्याचा अर्थ दिग्दर्शकाने इतक्या ताकदीने मांडला आहे की विद्यार्थ्याच्या वाट्याला तो शब्दांत उतरवण्याचेच काम उरते. मी पदवीला असताना याच दृश्यावर लिहिले होते आणि आज तो निबंध वाचताना त्यात माझे स्वतःचे एकही निरीक्षण सापडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. दिनदर्शिकेत मात्र प्रत्येक चौकोनामागे कोणाचा तरी निर्णय असतो. तिथी-नक्षत्राला किती जागा द्यायची, ईद, नाताळ आणि पतेती कोणत्या आकाराच्या अक्षरात छापायची, पानामागे कोणती पाककृती द्यायची, हे कोणीतरी ठरवलेले असते आणि ते निर्णय आपल्यासमोर उघडे असतात. शिवाय या कृतीवर वाचक स्वतःच्या हाताने लिहितो. आमच्या घरी दुधाचे खाडे, नवे सिलिंडर लावल्याची तारीख आणि संकष्टीच्या चंद्रोदयाभोवती काढलेले गोल, हे सारे एकाच पानावर असे. चित्रपटाचा प्रेक्षक असा पुरावा मागे ठेवून जात नाही.

पहिला प्रतिसाद (पुन्हा):
हा पुरावा एका घराचा आहे आणि तेवढ्यावरून महाराष्ट्राविषयी विधान करणे धाडसाचे ठरेल. ज्या घरांत पंचांग पाहिले जात नाही, त्यांच्या भिंतीवर काय टांगलेले असते, हा प्रश्न सोडून दिला तर ‘मराठी घर’ म्हणजे आपलेच घर असे गृहीत धरले जाईल. ‘फँड्री’ने नेमक्या याच गृहीतकावर बोट ठेवले आहे, म्हणून माझा आग्रह आहे.

धागालेखिका:
हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यामुळेच विषय आटोपशीर करायचे ठरवले आहे. ‘कालनिर्णय’च घेईन, पण फक्त एप्रिलचे पान आणि त्यातही १४ तारखेचा चौकोन. माझ्याजवळच्या अंकांमध्ये आंबेडकर जयंतीची नोंद कशी छापली आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, एवढेच मी तपासणार आहे. एका वर्षीच्या त्या चौकोनात आजीने पेन्सिलीने ‘दूध दीड’ एवढेच लिहिले आहे. ही नोंद निबंधात घ्यावी की वगळावी, याबद्दल आपण दोघांनी सांगावे.