भीमसेनजींना वेड लावणारी तबकडी मला का भिडत नाही?

टिपकागद:

प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, पण विचारतोच.

गेली दहा-बारा वर्षं मी भीमसेन जोशी ऐकतो. ऐकतो म्हणजे काय, बाकी कुणाला फारसं ऐकतच नाही. ठरावीक सात-आठ मैफली इतक्यांदा झाल्या आहेत की श्रोत्यांतला एक गृहस्थ कुठे खोकतो तेसुद्धा पाठ आहे. परवा तान सोडून मी त्या खोकल्याची वाट बघतोय असं लक्षात आलं. म्हटलं, आता कान दुसरीकडे न्यायला हवेत.

अ‍ॅपच्या शिफारशींना विटलो आहे. ते मला भीमसेनजींसारखं गाणारे लोक आणून देतं. ते ऐकले की भीमसेनजींचीच आठवण येते आणि गाडी परत त्याच मैफलीवर. म्हणून ठरवलं की त्यांच्यासारखं कोण गातं हे राहू दे, त्यांनी स्वतः काय ऐकलं ते शोधायचं. सुरुवात कुठून करायची हे उघडच होतं. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन'. ही तबकडी कानावर पडली आणि अकरा वर्षांचं पोर गुरूच्या शोधात घरातून पळालं, ही गोष्ट आपल्यापैकी कुणी ऐकली नसेल?

तर मीही ऐकली. दिवे मालवले, हेडफोन चढवले, डोळे मिटले. तीन मिनिटांत संपली. घर सोडणं दूरच, मी खुर्चीसुद्धा सोडली नाही.

खरखर, आणि त्या खरखरीपलीकडून येणारा बारीक, उंच आवाज. भीमसेनजींचा तो घुमारा नाही, छातीतून येणारी तान नाही. पुन्हा लावली, तरी तेच. आता दोन शंका आहेत. माझ्या कानातच काही कमी आहे का? आणि आवडत्या कलाकाराच्या आवडीनिवडी धरून नवीन संगीताकडे जाण्याचा हा उद्योग कुणाचा यशस्वी झाला आहे का? झाला असेल तर कसा, ते सांगा.

अर्धीमात्रा:

कान ठीक आहेत तुमचे. तुम्ही खाँसाहेबांमध्ये भीमसेनजी शोधत होतात, आणि ते तिथे नव्हते, इतकंच. त्या अकरा वर्षांच्या मुलाला भीमसेन जोशी माहीतच नव्हते, हा त्याचा मोठा फायदा.

आधी एक साधी गोष्ट. जुन्या तबकड्या हेडफोनवर ऐकू नका. खरखर थेट कानात येते आणि गाणं मागे राहतं. स्पीकरवर लावा आणि चार पावलं लांब बसा. शिवाय तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तुमची सवय तासाभराच्या ख्यालाची, त्यामुळे तुम्ही बसून सावरेपर्यंत गाणं संपतं. एकामागून एक तीन-चारदा ऐकायचं आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट धरायची. तान विसरा. खाँसाहेब एका सुरावरून दुसऱ्यावर कसे जातात एवढंच बघा. त्यांचं पाऊल वाजतच नाही. भीमसेनजी विलंबित सुरू करतात तेव्हा पहिली काही मिनिटं षड्जाभोवती, म्हणजे 'सा'भोवती, जे चाललेलं असतं, ते त्याच घरचं आहे. गडगडाट नंतरचा आणि त्यांचा स्वतःचा.

मग जोड्या लावा. भैरवीतली 'जमुना के तीर' आधी खाँसाहेबांची, लगेच भीमसेनजींची. 'फगवा ब्रिज देखन को' ही वसंत रागातली चीजही दोघांनी गायलीय. चीज तीच असली की फरक कानाला आपोआप दिसतो. मधला दुवा म्हणजे सवाई गंधर्व, खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजींचे गुरू, तेही ऐका. आणि तिथून खाली उतरताना एकटे भीमसेनजी नका घेऊ. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर त्याच गुरूचे. एका गुरूकडून तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी उचलल्या. खाँसाहेबांच्या आवाजाची नजाकत मला तरी दस्तूरांत सगळ्यात जवळची वाटते. त्यांची 'गोपाला' ऐकून मग खाँसाहेबांची ऐकलीत तर तो बारीक आवाज परका वाटणार नाही.

आता माझी गोष्ट. भीमसेनजींच्या आवडत्यांमध्ये अमीर खाँ आणि केसरबाई केरकर ही दोन नावं नेहमी घेतली जातात. किराणा घराण्याचा माणूस बाहेरच्या घराण्यांत काय शोधत होता या कुतूहलापोटी मी अमीर खाँ लावले. पहिल्या खेपेला मी चक्क झोपले. झुमरा तालाची ती अतिविलंबित लय, चौदा मात्रांचं एक आवर्तन संपेना. दुसऱ्या खेपेलाही तेच. पण तिसऱ्यांदा त्यांचा मारवा राग लागला तेव्हा मी दुसरंच काही काम करत होते आणि हातातलं काम थांबलं. एवढंच सांगता येईल.

मग तीच युक्ती अमीर खाँसाहेबांना लावली, की यांनी कुणाला ऐकलं? रजब अली खाँ, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि अब्दुल वहीद खाँ. वहीद खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला दरबारी राग ऐकला. अमीर खाँसाहेबांचं ते न घाई करणं इथून आलं तर! आणि हे वहीद खाँ कोण? किराण्याचेच, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नात्यातले. म्हणजे परक्या घरी जायचं म्हणून निघाले आणि मागच्या दाराने पुन्हा त्याच वाड्यात. मला हसूच आलं.

केसरबाईंबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही, नाहीतर हे रात्रभर चालेल. 1977 साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. यानाला ऐकवली, तुम्हीही ऐका.

पोटमाळा:

शास्त्रीयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हा रोग ओळखीचा आहे.

माझं दैवत कर्ट कोबेन, निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा गायक. नोव्हेंबर 1993 मधला निर्वाणाचा अनप्लग्ड कार्यक्रम म्हणजे आवडीनिवडींचा नकाशाच आहे. चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची. त्यातली तीन मीट पपेट्सची, आणि त्या बँडमधल्या दोघा भावांना सरळ मंचावर बोलावून वाजवायला बसवलं. स्वतःची सगळ्यात गाजलेली गाणी गाळून तिथे हे! शेवटचं गाणं लेड बेली या जुन्या अमेरिकन लोकगायकाच्या पठडीतलं. त्या शेवटच्या कडव्यात कर्ट जो फुटतो, ते ऐकून मी लेड बेलीकडे धावलो.

आणि माझंही टिपकागद झालं. 1940च्या दशकातलं ध्वनिमुद्रण, बारा तारांची गिटार, आणि माणूस ओरडतच नाही. शांतपणे विचारतो, काल रात्री कुठे झोपली होतीस, आणि पुढे जातो. मी किंकाळीची वाट बघत बसलो. महिनाभराने कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की किंकाळी कर्टची आहे, धमकी लेड बेलीची. शांतपणे विचारलेलं जास्त भीतिदायक आहे. आता मला मूळचंच आवडतं, पण हे निर्वाणाच्या गोटात बोलत नाही.

एक सावधगिरी. कर्टने हाताने लिहिलेली पन्नास आवडत्या अल्बमांची यादी फिरत असते. ती मी अभ्यासक्रमासारखी क्रमाने ऐकायला घेतली आणि आठवड्यात दमलो. यादीतली निम्मी मंडळी मला आजही झेपत नाहीत. कलाकाराची आवड आपल्यावर बंधनकारक नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. व्हॅसलीन्स हा बँड मात्र राहिला. अगदी पोरकट वाटावीत अशी सोपी गाणी, आणि दिवसभर डोक्यातून जात नाहीत.

खोडरबर:

अर्धीमात्राताईंच्या पद्धतीला एक अडचण जोडतो. माग काढत गेलं की कधीकधी पुढे आवाजच नसतो. मी कुमार गंधर्वांवरून बालगंधर्वांकडे गेलो. 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कुमारांचा कार्यक्रम कुणी ऐकला नसेल तर जरूर ऐका. एक गायक दुसऱ्याला कसा ऐकतो, हे तो गाऊनच दाखवतो. नक्कल मुळीच नाही. कुमारांना लहानपणी तबकड्यांवरचं गाणं हुबेहूब उतरवता यायचं, त्यामुळे तिथे नक्कल न करणं हे विशेष. तिथून बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्हींची तालीम घेतलेला माणूस, 1922 साली गेला, आणि ऐकायला ध्वनिमुद्रण नाही. मग मी त्यांचे दोन शिष्य, मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व, समोरासमोर ठेवून दोघांत सारखं काय येतं ते वेचत बसलो. हाती काय लागलं म्हणाल तर भास्करबुवा नाही लागले, पण मास्टर कृष्णराव लागले.

टिपकागद:

आठ दिवसांनी परत आलो. सगळ्यांचे आभार, आणि पोटमाळा, तुमचा लेड बेलीही ऐकला. रात्री ऐकायला नको होता.

स्पीकर बाहेरच्या खोलीत ठेवला आणि मी आत बसलो. भिंतीने खरखर बरीचशी गाळली, हा उपाय खरंच लिहून ठेवण्यासारखा आहे. 'जमुना के तीर'ची जोडी लावली. आधी भीमसेनजींची मग खाँसाहेबांची, असा उलटा क्रम केला, तेव्हा काही नाही. सांगितल्याप्रमाणे सुलट केला, आणि भीमसेनजींचं अर्ध्यावर आलेलं असताना माझ्या तोंडून 'अरे!' निघालं. एका जागी ते आवाज एकदम बारीक करून सुरावर नुसते उभे राहतात. शंभरदा ऐकलेली जागा. ती त्यांची एकट्याची आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

'पिया बिन' मात्र अजूनही नाही. तिला बाजूला ठेवली आहे, ढकलाढकली करत नाही. अमीर खाँ साहेबांना दोनदा लावलं आणि दोनदा झोपलो, म्हणजे अर्धीमात्राताईंच्या हिशेबाने एक खेप बाकी आहे.

पण खरी गंमत वेगळीच झाली. खाँसाहेबांच्या तबकड्या धुंडाळताना त्यांनी गायलेली, कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांची एक कृती सापडली, खरहरप्रिया रागातली 'राम नी समानमेवरु'. कर्नाटक संगीताचा आणि माझा आजवर कधी संबंध आला नव्हता. ते सगळं एकसारखंच वाटतं असं मी बिनदिक्कत म्हणत असे, आता जपून बोलेन. खाँसाहेबांची ऐकली, मग खरहरप्रियासाठी नावाजलेले सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर ऐकले, आणि गेले चार दिवस तिथेच मुक्काम आहे. स्वर आपल्या काफी रागाचेच, पण एकेका स्वराला ते असा काही झोका देतात की काफी आठवेपर्यंत निघून जातो. यात पुढे कुणाला ऐकू? जाणकार असतील तर सांगा.

भीमसेनजी आठवड्यात त्या एका भैरवीपुरतेच लावले. खोकणाऱ्या गृहस्थांची थोडी आठवण येते.